झोपलेल्याचा वाटा

लुंग्री हिमालच्या तळछावणीत पहिल्याच संध्याकाळी याङ्जी शेर्पाने सगळ्यांना जेवणाच्या तंबूत बोलावलं आणि टोपी दाखवली. करड्या रंगाची, कान झाकणारी, मागे मानेपाशी दोन चपट्या चकत्या बसवलेली. सोबत माणूस मावेल एवढी जाड पिशवी होती, आतून ऊब धरून ठेवणारी.

"जोडीला एक टोपी, एक पिशवी," याङ्जी हिंदीत म्हणाली. मोहिमेची मुख्य वाटाडी तीच होती.

"दोन का नाहीत?" ओवी खराडेने विचारलं.

"दोघंही झोपलात तर निर्णय कोण घेणार? मी? मला आणखी आठ जण सांभाळायचेत."

तंबूत हशा झाला. ओवीने शेजारी बसलेल्या वडिलांना कोपराने ढोसलं. "बाबा, एवढ्या लांब आणून टोपीच घालतात की हे."

"गप, ऐक," उदयन खराडे म्हणाले. पण ते हसले होते.

ओवी सत्तावीस वर्षांची होती आणि वडिलांना हसवणं तिला नुकतंच जमायला लागलं होतं. खराडे यांची कोल्हापूरजवळ शिरोलीला फाउंड्री होती. वर्षातला बराच काळ ते भट्टीपाशी आणि उरलेला हिमालयात असत. ओवीच्या लहानपणी ते घरी असले की दमलेले असत, आणि दमलेले नसले की घरी नसत. आपले वडील कोण आहेत हे तिला शाळेच्या सभागृहात, इतर मुलांबरोबर बसून कळलं. याच लुंग्रीवर, शिखर डोळ्यांसमोर दिसत असताना, मेहुणा श्रीकांत आजारी पडला म्हणून त्यांनी पाठ फिरवली होती आणि त्याला खांद्याला लावून खाली आणलं होतं. शिखर सोडून माणूस वाचवणारा गिर्यारोहक म्हणून कोल्हापूर त्यांना ओळखत होतं. त्यांचं व्याख्यान तासाभराचं होतं. ओवीला ते पाठ होतं.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी ते वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "येतेस का लुंग्रीला?"

ओवी पुण्यातली नोकरी सोडून घरी आली. त्यानंतर रोज सकाळी दोघं पाठीवर वजन बांधून जोतिबाचा चढ चढायचे आणि परतताना गंगावेशीतल्या कट्ट्यावर उभ्याउभ्या धारोष्ण दूध प्यायचे. बोलणं फारसं व्हायचं नाही. "टाच आधी टेकव." "श्वासाकडे लक्ष देऊ नकोस." एवढंच. पण ग्लास रिकामा करून ते तिच्यासाठी थांबायचे. आपल्यासाठी थांबलेले वडील तिने आधी पाहिले नव्हते.

टोपीमागचं विज्ञान तोवर शाळकरी पोरांनाही माहीत झालं होतं. बर्फाळ मुलखातल्या काही खारी बिळात शिरून अख्खा हिवाळा झोपून काढतात. त्यांच्या मेंदूच्या तळाशी पेशींचा एक पुंजका असतो. तो शरीराला हुकूम सोडतो: ऊब कमी कर, हृदय सावकाश चालव, ऑक्सिजन मागू नकोस. माणसाच्या मेंदूतही असाच पुंजका आहे, फक्त त्याला जागं करणारं कोणी नव्हतं. टोपीच्या चकत्यांतून निघणाऱ्या, कानांना ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी ते काम करतात. काही मिनिटांत माणूस झोपतो. हृदय मिनिटाला चार-पाच ठोके देतं. जिथे जागा माणूस एका रात्रीत मरेल, तिथे झोपलेला आठवडाभर टिकतो.

हा शोध अपघातातल्या जखमींसाठी लागला होता. डोंगरावर त्याचं वेगळंच काही झालं. पूर्वी वर कोणी कोसळलं की जोडीदारापुढे दोनच वाटा असत. शिखर सोडायचं किंवा माणूस सोडायचा. आता तिसरी वाट निघाली. आजारी माणसाला झोपवायचं, पिशवीत घालून तंबूत ठेवायचं, शिखर गाठायचं आणि उतरताना त्याला बर्फावरून सरकवत खाली आणायचं. डोंगरावरचे मृत्यू जवळजवळ थांबले. परत फिरणारेही जवळजवळ थांबले.

"दोन गोष्टी लक्षात ठेवा," याङ्जी सांगत होती. "झोपलेल्याला वर उठवायचं नाही. जागं होताना शरीर एकदम पेटतं, तेवढा प्राणवायू वर मिळत नाही. उठवायचं ते इथे, तळावर. आणि दुसरं, झोपेच्या आधीचे दोन-तीन दिवस पुसले जातात. डोक्यात जे मुरलेलं नसतं ते परत येत नाही. वर जोडीदाराशी भांडण झालं असेल तर ते मिटलं समजा. काही नवरा-बायको खास त्यासाठी येतात."

पुन्हा हशा झाला. झोपवण्याचा अधिकार जोडीदाराचा होता. उंचीवर आजारी माणसाला स्वतःचं काही कळत नाही, म्हणून त्याची संमती लागत नसे. जोडीदाराने वाटाड्याकडच्या छोट्या यंत्रावर अंगठा ठेवला की पुरे.

"आमच्या गावात सख्खे भाऊ एका दोराला बांधून घेत नाहीत," याङ्जी म्हणाली. "घरचा माणूस जोडीदार करू नका, असं मी दर वेळी सांगते. तुम्ही महाराष्ट्रातले लोक ऐकत नाही. विम्याला वारस लावावा तसं घरचंच नाव देता."

"मग काय परक्याच्या हातात जीव द्यायचा?" खराडे म्हणाले.

ओवीने तोवर नोंदणीसाठी यंत्रावर अंगठा टेकवलाही होता.

*

तिसऱ्या तळावर बाटलीतला ऑक्सिजन सुरू झाला. ओवी तंबूबाहेर पाण्यासाठी बर्फ फोडत होती, तेव्हा शेजारच्या तंबूतला गोपालसिंह पातेलं घेऊन आला. मुनस्यारीचा, चाळिशीचा, बोलका माणूस. सुरतेच्या एका कापडव्यापाऱ्याचा तो जोडीदार होता.

"दीदी, तुमची ही कितवी?"

"पहिलीच मोहीम."

"मोहीम नव्हे, झोप. झोप कितवी?"

"मी कशाला झोपेन?"

गोपालसिंहने जीभ चावली. "म्हणजे वडील झोपणार?"

"कोणी झोपणार नाही. दोघं वर जाणार."

"माणशी पाचच बाटल्या मिळतात," तो बर्फ दाबत म्हणाला. "डोंगरावर रिकाम्या बाटल्यांचा खच पडतो, म्हणून सरकारने मोजून द्यायला सुरुवात केली. शेठजींचं वजन बघितलंत ना? पाचांत त्यांचं काय होणार? मग मी चौथ्या तळापर्यंत माझ्या बाटल्या घेऊन जातो आणि झोपतो. झोपलेल्याचा वाटा जोडीदाराला. मी तीन वेळा चौथ्या तळावर गेलोय." तो हसला. "गेलोय असं लोक सांगतात. मला काही आठवत नाही."

"पण झोपवायला माणूस आजारी असावा लागतो."

"जोडीदार म्हणाला आजारी, की आजारी. मला दर वेळी सांगतात, तू फार बडबडत होतास." त्याने पातेलं उचललं. "ते खरंही असेल म्हणा."

चौथ्या तळाच्या चढावर ओवी वडिलांच्या मागे होती. त्यांच्या पाठीवरच्या बाटलीचा काटा तिला सारखा दिसत होता. तिची पहिली बाटली निम्मी झाली, तेव्हा त्यांनी दुसरी लावली. दर दोन-चार पावलांनी ते काठीवर रेलत आणि खोकत. "थंडी आहे," एवढंच म्हणत. जोतिबाच्या चढावर ते तिच्याबरोबर चालत होते, हे तिला आठवलं. आणि गेले काही महिने चढ सुरू व्हायच्या आधीच "तू हो पुढे" म्हणत होते, हेही.

दुपारी चौथ्या तळावर पोचल्यावर, तंबूत शिरून बूट सैल करता करता ती म्हणाली, "बाबा, तुमच्या बाटल्या पुरणार नाहीत."

"नाही पुरणार."

"मग परत जाऊ या. माझं काही नाही. खरंच."

खराडे यांनी सामानातून टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवून तिचे पट्टे सोडवायला घेतले. "तुला झोपावं लागेल."

"मी ठणठणीत आहे."

"मला माहीत आहे."

ओवी आधी हसली. त्यांचा चेहरा तसाच राहिला, तेव्हा थांबली.

"फाउंड्रीतली वाळू," ते म्हणाले. "फुफ्फुसाचा तिसरा हिस्सा कामातून गेलाय. पाच बाटल्यांत मी वर जाऊन परत येऊ शकत नाही. दहांत येतो."

"कधी कळलं?"

"मागच्या गणपतीत."

"आणि दिवाळीनंतर मला विचारलंत."

"हो."

बाहेर वाऱ्याने तंबूचं कापड ताणलं गेलं आणि सुटलं. ओवीने त्यांच्या हातातला टोपीचा पट्टा पकडला. "गोपालसिंहसारखा कोणी तरी आणायचा होता."

"मी व्याख्यानं देतो, ओवी. भाड्याचा माणूस झोपवून वर गेला म्हणून नावं ठेवतील. मुलीला घेऊन गेला म्हटलं की कौतुक करतील." त्यांनी नळीतून दोन लांब श्वास घेतले. "काय विचारायचंय ते विचारून घे. तुला ह्यातलं काही आठवणार नाही. खोटं बोलायची मला गरज नाही."

"वर्षभर रोज तो चढ. तो कशासाठी?"

"चौथ्या तळाच्या खाली कोणी झोपलं तर त्याच्या बाटल्या तिथेच जमा होतात. वाटा मिळतो तो इथून पुढे. तू स्वतःच्या पायांनी इथवर येणं भाग होतं."

"आणि त्याआधी? मला कधी तरी बरोबर न्यावंसं वाटलं होतं तुम्हाला?"

खराडे यांनी विचार केला. ते खरोखर आठवून बघत होते, आणि ते तिला दिसत होतं.

"नाही."

"एकदाही?"

"तू घरात होतीस. ठीक होतीस. त्यापुढे माझं डोकं कधी गेलं नाही."

"मग श्रीकांतमामाला कशाला आणलंत खाली?"

"सोडला असता तर मेला असता. मग तुझ्या आईने, गावाने मला जगू दिलं असतं का? तेव्हा टोपी असती तर त्यालाही झोपवला असता आणि वर गेलो असतो." ते चिडले नव्हते. फाउंड्रीत गिऱ्हाइकाला ओतकामाचा भाव समजावताना लागायचा तसाच त्यांचा आवाज लागला होता. "आता कोणी मरत नाही, ओवी. मग थांबायचं कोणासाठी?"

ओवीने तंबूची चेन ओढली आणि याङ्जीला हाक मारली.

याङ्जी रांगत आत आली तेव्हा ओवी एका दमात बोलून गेली. ह्यांनी मला बाटल्यांसाठी आणलंय. आजारी नसताना झोपवणार आहेत. वर्षभर मला ह्यासाठी तयार केलंय. शेवटचं वाक्य तोंडातून बाहेर पडत असतानाच ते ऐकायला कसं वाटतंय हे तिच्या लक्षात आलं, आणि तिचा आवाज चिरकला.

"दुपारपासून हेच चाललंय," खराडे हळू म्हणाले. "चिडते, रडते. म्हणते, मी तिला ऑक्सिजनसाठी आणलं. माझ्याच लेकीला."

याङ्जीने मान डोलावली. उंचीवर मेंदूला सूज येऊ लागली की पहिल्यांदा दिसते ती चिडचिड. मग संशय. मग मला काहीच झालेलं नाही असा हट्ट. दर हंगामात तिने हे पाहिलं होतं. काही माणसं तिच्या डोळ्यांसमोर अशीच भांडत भांडत गेली होती. तिने ओवीच्या बोटाला रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा लावला आणि आकडा वाचला.

"आकडा चांगला आहे."

"आकडा चांगला आहे. डोक्याचं काय?" खराडे म्हणाले.

याङ्जीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "बाहेर ये, ताई. टाचेला अंगठा टेकवत सरळ रेषेत दहा पावलं चालून दाखव. मेंदूला सूज असलेल्याला ते जमत नाही. तू चाललीस, तर जोडीदार काहीही म्हणू दे, मी झोपवू देणार नाही. हा कंपनीचा नियम नाही, माझा आहे."

दहा पावलं ओवी डोळे मिटूनही चालली असती.

"मी का चालू?" ती म्हणाली. "परीक्षा ह्यांची घ्या. ह्यांच्या बाटल्या बघा. काटा बघा."

"तेही बघीन. आधी तू चाल."

"नाही चालणार."

"दहाच पावलं."

"एक पाऊलसुद्धा नाही! मला काही झालेलं नाही, हे ह्यांना माहीत आहे. त्यांना सांगू दे." ती वडिलांकडे वळली. वर्षभर ती ह्या माणसासाठी चालली होती. आता न चालता तिला त्यांच्याकडून एक वाक्य हवं होतं. "सांगा ना, बाबा. एवढं सांगा."

"बघितलंत?" खराडे याङ्जीला म्हणाले.

याङ्जीने ओवीच्या बोटावरचा चिमटा काढून घेतला. पलीकडच्या तंबूतून कोणी तरी तिला हाका मारत होतं. वारा संध्याकाळी पडणार होता आणि त्याआधी तिला तीन जोड्या तपासायच्या होत्या.

"जोडीदार, निर्णय?"

खराडे यांनी अंगठा ठेवला.

ओवीने हात झटकले, पण त्या उंचीवर झटापट फार वेळ चालत नाही. याङ्जीने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले आणि लहान मुलीशी बोलावं तशी बोलत राहिली: होतंय, होतंय, खाली गेल्यावर बरं वाटेल. टोपीच्या पट्ट्यात ओवीचे केस अडकले होते. खराडे यांनी हातमोजा काढला आणि ते एकेक करून सोडवले. ते नीट, सावकाश काम करत होते.

"मी विसरणार नाही," ओवी म्हणाली.

त्यांनी हनुवटीखालचं बक्कल लावलं.

*

खराडे दुसऱ्या दिवशी सकाळी लुंग्रीच्या शिखरावर पोचले. आभाळ स्वच्छ होतं. त्यांनी फोटो काढून घेतले, थोडे खोकले आणि नळीचं माप आणखी वाढवलं. याङ्जीने ते माप पाहिलं. एवढा ऑक्सिजन तिने कोणाला ओढताना पाहिलं नव्हतं. पण मागची जोडी दोरावर अडकली होती, ती तिकडे गेली.

झोपलेल्यांना खाली आणायला दोन दिवस लागले. सुरतेचे शेठजी गोपालसिंहला घेऊन हेलिकॉप्टरने पुढे निघून गेले. ओवीला तळछावणीतल्या उबदार तंबूत उठवलं. जागं होताना पहिला चेहरा ओळखीचा असावा, म्हणून खराडे उशाशी बसले होते. त्यांचं नाक सोललं होतं, ओठ काळे पडले होते.

ती बराच वेळ थरथरत होती. मग डोळे स्थिर झाले.

"बाबा? दुसरा तळ आला?"

"तळछावणीत आहेस. चौथ्या तळावर तब्येत बिघडली तुझी."

"चौथ्यापर्यंत गेले होते मी?"

"गेलीस की. स्वतःच्या पायांनी."

"आणि तुम्ही?"

"जाऊन आलो वर."

ओवीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती हसायलाही लागली. "मला तेवढीच भीती होती. मामाच्या वेळेसारखं माझ्यामुळे तुम्ही परत फिराल." तिने त्यांचा हात ओढून घेतला. "काय झालं होतं मला?"

"चिडत होतीस. काहीबाही संशय घेत होतीस."

"कोणावर?"

खराडे यांनी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"तुमच्यावर?" ओवीने चेहरा हातांनी झाकला. "शी! काय बोलले असेन मी. माफ करा हं, बाबा."

"जाऊ दे गं. उंचीवर होतं असं."

दोन दिवसांनी ओवी चालायला लागली. याङ्जीने सवयीने तिला टाचेला अंगठा लावून चालायला सांगितलं. ओवी दहा पावलं सरळ चालली, वळली आणि दहा पावलं परत आली. "आणखी चालू?" तिने विचारलं. "नको," याङ्जी म्हणाली.

निघायच्या सकाळी तंबू उतरत होते. बापलेक सामानाच्या ढिगाऱ्याशेजारी चहा घेत उभे होते.

"एक विचारायचं होतं," ओवी म्हणाली. "वर गेल्यावर विचारीन म्हटलं होतं. विचारलं नसेल बहुतेक."

"विचार."

"मला बरोबर न्यावंसं कधीपासून वाटत होतं तुम्हाला?"

खराडे यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"लहान होतीस तेव्हापासून," ते म्हणाले.

ओवीने मान खाली घातली. ती काही तरी म्हणणार होती, तेवढ्यात याङ्जी आली. पुढच्या हंगामात पलीकडच्या खोऱ्यातलं, याहून उंच शिखर होतं. जागा आतापासूनच भरत होत्या.

"खराडेसाहेब, तुमचं काय? किती?"

खराडे यांनी कपातला गार झालेला चहा ओतून दिला.

"दोन," ओवीच म्हणाली. "आणि या वेळी मी तुम्हाला जड होणार नाही, बाबा. बघाच तुम्ही."